ऐंशी जागा आणि चलथाणचा हंगाम

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी उधना सोडते आणि थोड्याच वेळात चलथाण येते. पुढे बारडोली, व्यारा, सोनगड, मग राज्याची हद्द ओलांडून नवापूर, नंदुरबार. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या या तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने खानदेश सुरतेला असा बांधला की धुळे-नंदुरबारच्या कैक घरांना मुंबई-पुण्यापेक्षा सुरतच जवळची वाटते. कोणी लूमवर, कोणी डाइंग मिलमध्ये, आणि दिवाळीनंतर हजारो जण उसाच्या फडात. चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे, बारडोलीला आहे, आसपास आणखी आहेत. त्या कारखान्यांच्या धुराड्यांखाली एक प्रश्न वर्षानुवर्षे पडून आहे. चांगल्या निवासी सरकारी शाळेत परीक्षा देऊन शिरण्याची संधी या मजुरांच्या मुलांना खरोखर किती? उत्तर शोधायचे तर सोनगडपासून सुरुवात करावी लागते, आणि तीही रेल्वे येण्याच्या आधीपासून.

सोनगड म्हणजे गायकवाडांच्या गुजरातेतल्या सत्तेचे पहिले ठाणे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८० च्या दशकात तिथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृह असलेली शाळा काढली. राहणे, जेवण, कपडे दरबारच्या खर्चाने. त्या काळी अडचण प्रवेशाची नव्हती, मुले मिळवण्याची होती. जंगलपट्ट्यातल्या आईबापांना पोरगे सरकारच्या हवाली करणे म्हणजे गमावणे वाटे, आणि त्यांचा सरकारविषयीचा अनुभव बघता तसे वाटण्यात काही गैर नव्हते. पुढे १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदे संस्थानाला लागू झाला. मूल शाळेत आले नाही तर बापाला दंड. सक्तीच्या या शिक्षणाला गुणवत्ता यादी ठाऊक नव्हती.

वरच्या शिक्षणाची वाट मात्र मर्जीतून जात असे. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. महाराजांनी माणूस पारखला म्हणून ते घडले. पारख अचूक होती यात शंका नाही, पण पारखणाऱ्या राजापर्यंत पोहोचू न शकलेल्या मुलांचे काय झाले, याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडायची नाही. मर्जीच्या जागी परीक्षा आली ती याच कारणाने. परीक्षेला जात विचारता येत नाही, ओळख लागत नाही, असा त्या काळच्या सुधारकांचा भाबडा पण प्रामाणिक विश्वास होता.

मराठी मुलुखात हा विश्वास घराघरांत शिरला तो सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलमुळे. फायनल पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होई, तलाठी होई, गावात पत्र वाचायला त्यालाच बोलावत. बुद्धी मोजण्याचे पाश्चात्त्य शास्त्रही आपल्याकडे वेळेत आले. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन श्रेणी तयार केली. धारवाडच्या वि. वि. कामतांनी तिचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि १९४० मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथ काढला. इंग्लंडने १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षीच मुलांची विभागणी करणारी परीक्षा रूढ केली. त्यावर तिथे पुढे इतकी टीका झाली की बहुतेक भागांतून ती उठली. पण दहा-अकरा हे वय निवडीचे, ही कल्पना आपल्याकडे जी रुजली ती आजही हललेली नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात चौथी आणि सातवीच्या स्कॉलरशिपने या कल्पनेला घरगुती रूप दिले. शिष्यवृत्तीची रक्कम चहापाण्याइतकीच, पण गावातला मुलगा 'स्कॉलरशिपला लागला' की मास्तरांची छाती फुगे. शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात जादा तास घेणारे, पोरांना स्वतःच्या घरी झोपायला ठेवणारे गुरुजी ही महाराष्ट्रातल्या कोचिंग क्लासची खरी पहिली पिढी. ते फी घेत नसत.

मग निवासी शाळा आल्या. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. दोन आठवड्यांनी गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीची. त्याच दशकात महाराष्ट्र सरकारने ग्रामीण हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने काढली. ही कल्पना राबवणारे शिक्षणमंत्री मधुकरराव चौधरी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याचे, म्हणजे खानदेशचेच. चौथीच्या परीक्षेतून मुले निवडायची, पाचवीपासून पुसेगावसारख्या ठिकाणी ठेवायची, सरकारने पोसायची. खेड्यातल्या शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, कधी शेतमजुराचाही मुलगा तिथून अधिकारी, डॉक्टर होऊन बाहेर पडला. पुण्यात आप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापली आणि १९६९ मध्ये तिची प्रशाला निघाली. तिथे पाठांतर नव्हे तर विचार करण्याच्या निरनिराळ्या क्षमता तपासून प्रवेश देण्याचा प्रयोग झाला. मुलींसाठी प्रबोधिनीची दारे १९७५ मध्ये उघडली. सैनिक शाळांनी मुलींना सरसकट आत घ्यायला २०२१ उजाडले. देशरक्षणाच्या शाळांना इतकी वर्षे कसली भीती वाटत होती, कोण जाणे.

या सगळ्यांतून एक मोठी योजना उभी राहिली. आंध्रचे मुख्यमंत्री असताना पी. व्ही. नरसिंह राव यांनी १९७१ मध्ये सर्वेल या गावी हुशार ग्रामीण मुलांसाठी निवासी शाळा काढली होती. १९८५ मध्ये राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात मनुष्यबळ विकास खाते त्यांच्याकडे आले. प्रत्येक जिल्ह्यात अशी एक शाळा काढायची असे ठरले. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोनच शाळा सुरू झाल्या. एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीत. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने योजनेवर शिक्कामोर्तब केले आणि नवोदय विद्यालये देशभर पसरली. तमिळनाडूने तेवढी ती घेतली नाहीत. शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे मोफत. इयत्ता सहावीला एका शाळेत जास्तीत जास्त ८० जागा.

प्रवेश परीक्षेतून मिळतो, आणि तिचा साचा असा. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीचे, उरलेल्यांत अंकगणित आणि भाषा निम्मे-निम्मे. मानसिक क्षमतेच्या भागात शब्द जवळपास नसतातच, सगळ्या आकृत्या. चार चित्रांतले वेगळे कोणते. अर्धा आकार दिला आहे, उरलेला कोणता. आरशात ही आकृती कशी दिसेल. आणि मुलांना सर्वांत आवडणारा प्रश्न: चौकोनी कागद एकदा आडवा दुमडला, मग उभा दुमडला, कोपऱ्यात एक भोक पाडले, आता उलगडल्यावर भोके कुठे कुठे दिसतील? घरात पुस्तक नसलेल्या मुलालाही हा प्रश्न सोडवता यावा, हा हेतू. हेतू चांगला. फक्त असे प्रश्न पाचशे वेळा सोडवलेल्या मुलाला उत्तर डोळ्यांनी दिसते आणि पहिल्यांदाच बघणाऱ्याला ते डोक्यात कागद दुमडून शोधावे लागते. दोन तासांत ८० प्रश्न म्हणजे एकेकाला दीड मिनिट. तालुक्याच्या बाजारपेठेत आज नवोदयची गाइडे आणि सराव प्रश्नपत्रिका मिळतात, मोठ्या गावांत वर्ग चालतात. शब्द काढून टाकले तरी पैसा आत शिरला तो असा.

संधी किती, हे आकड्यांत सांगायचे तर २०२१ च्या परीक्षेला देशभरातून २४ लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदवली होती. जागा होत्या ४७ हजारांच्या वर. पन्नासात एक. पण या सरासरीला फार अर्थ नाही, कारण लढत देशभराशी नसते, आपल्या जिल्ह्याशी असते. त्यात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या हिशेबाने. शिवाय जन्मात एकदाच बसता येते. त्या दिवशी ताप आला तर विषय संपला.

आता चलथाणला परत येऊ.

दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात तोडीला स्थानिक मजूर फारसा लावला जात नाही. धुळे, नंदुरबार, डांग इथून टोळ्या आणल्या जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली परिसरातल्या या तोडणी मजुरांचा अभ्यास केला आणि सहकाराच्या झेंड्याखाली मजुरांना कसे पिळले जाते ते तपशिलाने मांडले. पावसाळ्यातच मुकादम गावात येतो, उचल देतो. दिवाळी झाली की ट्रक भरून माणसे निघतात. मोजणी माणसांची नव्हे, कोयत्यांची: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हाताखाली एखादे पोर असले तर बरेच. फडाच्या कडेला बांबूच्या चटया आणि प्लास्टिक टाकून पाले उभी राहतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते. बाप बुडख्याशी ऊस छाटतो, आई पाचट काढून मोळ्या बांधते. दहा वर्षांची मुलगी पालाशी धाकट्या भावाला कडेवर घेऊन चूल सांभाळते. तिचे नाव त्या वेळी नंदुरबार जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, पाचवीच्या हजेरीपटावर असते.

तिच्यावर कोणी बंदी घातलेली नाही. नवोदयच्या नियमांत 'ऊसतोड कामगाराची मुलगी चालणार नाही' असे कुठेही लिहिलेले नाही. उलट अनुसूचित जमात, मुलगी, ग्रामीण, अशा तिन्ही रकान्यांत ती बसते. नियम इतकेच म्हणतात की ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली असावीत, आणि पाचवी ज्या जिल्ह्यात, परीक्षाही त्याच जिल्ह्याच्या शाळेसाठी. कागदावर ती पात्र आहे. अडते ते कॅलेंडरवर. २०२४ ची परीक्षा २० जानेवारीला झाली, २०२५ ची १८ जानेवारीला, त्यापुढची १३ डिसेंबर २०२५ ला. त्या आठवड्यांत चलथाणच्या कारखान्याचे गाळप जोरात असते आणि ती राज्याच्या हद्दीपलीकडे असते. एका शनिवारच्या पेपरासाठी बापाने मजुरी बुडवून तिला नंदुरबारला न्यायचे, तेही मुकादम अडवत असताना आणि डोक्यावर उचल असताना. कोण नेणार?

शिवाय परीक्षेपर्यंतची तिची तयारी बघा. जून ते ऑक्टोबर शाळा, मग सहा महिने फड, असे पहिलीपासून. अंकगणितातले कितीतरी धडे शाळेत ती नसतानाच शिकवले जातात.

सरकारांनी हात झटकले असे मात्र म्हणता येत नाही. महाराष्ट्रात कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, नंतर मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे आली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आले. गुजरातने मायग्रेशन कार्ड काढले, तंबूतले खास वर्ग चालवले. आदिवासी तालुक्यांत १९९७-९८ पासून एकलव्य निवासी शाळाही उघडल्या. हे सगळे मुलाला शाळेत टिकवण्यासाठी उपयोगी आहे. स्पर्धेत उतरवण्यासाठी ते आखलेलेच नाही. तंबूतल्या वर्गात गुजराती शिक्षक, समोर अहिराणी किंवा भिली बोलणारी, मराठी अक्षरे शिकलेली मुले. त्यात कागद दुमडण्याचे प्रश्न कोण घेणार?

चलथाणमध्येच कायमची स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांची मुले बहुधा गुजराती माध्यमात शिकतात, इथल्याच जिल्ह्यातून अर्ज करतात. त्यांच्यापुढे दुसराच पेच. २०११ च्या जनगणनेने चलथाणला 'जनगणना शहर' म्हटले. लोकसंख्या, शेतीबाहेरचा रोजगार, दाटी या निकषांवर गाव शहर ठरले, पण नगरपालिका झाली नाही म्हणून कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. नवोदयच्या नियमात शहर म्हणजे सरकारने अधिसूचित केलेले शहर. म्हणजे एकच गाव एका खात्याच्या वहीत शहर आणि दुसऱ्याच्या वहीत खेडे. त्यातून महामार्गालगतच्या डाइंग मिलमधल्या सुपरवायझरचा मुलगा ग्रामीण ठरतो. सुरत महापालिका आपल्या शाळा सात भाषांत चालवते, मराठी त्यातली एक. काही किलोमीटरवर लिंबायतमध्ये, तिच्या मराठी शाळेत शिकणारा लूम कामगाराचा मुलगा मात्र शहरी ठरतो आणि उरलेल्या २५ टक्क्यांत सर्वांशी झुंजतो. तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरी शाळेत गेला तरी तो शहरी. नियम कुठेतरी रेघ ओढणारच. ती रेघ कोणाच्या दारावरून जाते हे मात्र बघायला हवे.

गुजरात सरकारने २०२३ पासून पाचवीच्या मुलांसाठी आणखी एक सामाईक प्रवेश परीक्षा आणली, सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांतल्या मुलांपुरती. त्यामुळे दरवाजे वाढले. दरवाजे वाढले की उंबरठेही वाढतात, हे पालकांना लगेच कळले. एकाच मुलाला आता नवोदय, सैनिक शाळा आणि ही परीक्षा अशी तिहेरी तयारी करावी लागते.

हा पेच फक्त गरिबांचा किंवा फक्त भारताचा आहे असेही नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात पहिली मॅग्नेट शाळा निघाली ती काळ्या आणि गोऱ्या मुलांना स्वेच्छेने एका शाळेत आणण्यासाठी. खास अभ्यासक्रमाच्या आकर्षणाने मुले आपण होऊन दूरच्या शाळेत येतील, ही कल्पना. पुढे त्यातल्या काही शाळा कमालीच्या स्पर्धेच्या झाल्या. राजधानीजवळ फेअरफॅक्स काउंटीत १९८५ मध्ये सुरू झालेले थॉमस जेफरसन विज्ञान विद्यालय हे त्यातले सर्वांत नावाजलेले. तिथल्या प्रवेशाची चर्चा त्या भागातल्या मराठी घरांतही रंगते, अगदी दादरच्या आजीने नातवाच्या दहावीची करावी तशी. २०२० मध्ये तिथल्या शाळा मंडळाने प्रवेश परीक्षा बंद केली, शंभर डॉलरची फी काढली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या दीड टक्का मुलांना जागा राखून ठेवल्या. आशियाई मुलांचे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ वर आले. काही पालक कोर्टात गेले. अपील न्यायालयाने मंडळाच्या बाजूने कौल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. ज्या भूगोलाच्या वाटणीवरून तिथे एवढे रान पेटले, ती जिल्हा आणि ग्रामीण-शहरीची वाटणी नवोदयच्या मूळ आराखड्यातच आहे. त्या बाबतीत १९८६ चे धोरण पुढे होते, हे मान्य करायला हवे.

मागे राहिले ते एका गोष्टीत. भूगोलाची वाटणी करताना त्या धोरणाने प्रत्येक मूल वर्षभर एकाच गावात राहते असे गृहीत धरले. सोनगडच्या शाळेने वसतिगृह आधी उभारले, मग मुले गोळा केली. आपण वसतिगृह परीक्षेच्या पलीकडे ठेवले आणि परीक्षा ऐन हंगामात.

दुरुस्ती काही अवघड नाही. परीक्षा पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावरही झालेली आहे, २०२३ ची २९ एप्रिलला. तोवर तोड आटोपत आलेली असते आणि टोळ्या परतीच्या वाटेवर असतात. ते जमत नसेल तर स्थलांतरित मुलाला कामाच्या जिल्ह्यातल्या केंद्रावर बसू द्यावे आणि निवड त्याच्या गावाच्या यादीतून करावी. हजेरी हमी कार्डावरून आणि मायग्रेशन कार्डावरून पडताळता येते. दोन राज्यांच्या शिक्षण खात्यांनी एकमेकांशी बोलायचे आहे, एवढेच.

तोपर्यंत गावातल्या शिक्षकांना एक विनंती. नवोदयचा अर्ज ऑनलाइन आणि विनामूल्य असतो, आणि गेल्या काही वर्षांत तो पावसाळ्यात, म्हणजे टोळ्या गाव सोडण्याच्या आधी भरून घेतला जातो. पाचवीतल्या ज्या मुलामुलींचे आईबाप फडावर जाणार आहेत, त्यांचे अर्ज सर्वांत आधी भरा आणि हंगामी वसतिगृहात त्यांची नावे त्याच दिवशी घाला. परीक्षेच्या तारखेला ते मूल गावात असले पाहिजे.